शेवटच्या माणसाची वेळ

“पंचवीस टक्के,” वकील म्हणाला. “म्हणजे तुमचे मास्तरही बसतात त्यात. मुद्दाम तेवढी ठेवलीय.”

गावाला पाणी सोडणाऱ्या पंपघरात दोन मोटारी चालू होत्या, त्यामुळे हे त्याला जवळजवळ ओरडूनच सांगावे लागले. सेकंदरावांनी आधी दाबाच्या काट्याकडे पाहिले, अकरा वाजताचा आकडा नोंदवहीत लिहिला, पेनाला टोपण घातले, आणि मगच वकिलाने पुढे केलेला कागद हातात घेतला. कुणी हातात आग घेऊन आले असते तरी त्यांनी आधी अकराचा आकडाच लिहिला असता. आज मात्र टोपण घालायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

कागदावर हौशी सायकल संघटनेच्या नियमांत करायचे बदल होते. एकूण सहा. वकील नियम समितीचा प्रमुख होता, स्वतः दर वर्षी शर्यतीत चौथा नाहीतर पाचवा यायचा, आणि त्याबद्दल त्याच्या मनात कुणाविषयी अढी नव्हती. सरळ माणूस. पहिले चार बदल हेल्मेट, वयोगट असल्या किरकोळ गोष्टींचे होते. पाचव्यात म्हटले होते की विजेत्याला लागलेल्या वेळेपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त वेळ ज्याला लागेल तो बाद, आणि ती वेळ झाली की शेवटची रेषा बंद. सहाव्यात म्हटले होते की यापुढे वेळ हातातल्या घड्याळावर मोजायची नाही. प्रत्येक सायकलला एक चिप बांधायची, आणि रेषेवर यंत्र.

“आपल्या हातात काही नाही हो,” वकील म्हणाला. “वाहतूकवाले म्हणतात, सुरुवातीपासून दोन तास चाळीस मिनिटं. त्यापुढं एक मिनिट रस्ता बंद ठेवणार नाही. मान्य नसेल तर शर्यतच नको. समितीतले सगळे वीस टक्के म्हणत होते. मी म्हटलं, थांबा, सेकंदरावांची वही काढा. काढली. मास्तरांची गेल्या वर्षीची वेळ, दोन तेहतीस चाळीस. पंचवीस टक्के केलं तर दोन मिनिटं राखून बसतात. मग सगळे तयार झाले. शेवटी मास्तरांशिवाय शर्यत कसली.”

“बरोबर,” सेकंदराव म्हणाले.

“आणि तुम्ही आहातच. यंत्र कितीही शहाणं असलं तरी रेषा बंद करायला माणूस लागतोच ना.”

वकील गेला. सेकंदराव कागद घेऊन मोटारींच्या मधल्या लोखंडी स्टुलावर बसले. बाराचा आकडा त्यांनी बारा वाजून चार मिनिटांनी लिहिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत असे कधी झाले नव्हते.

शर्यतीत वेळ मोजता मोजता त्यांना सेकंदराव हे नाव मिळाले त्याची हकीकत संघटनेतल्या नव्या पोरांनाही तोंडपाठ होती. एकदा अध्यक्षांचा सख्खा भाचा तिसऱ्या बक्षिसाला दोन दशांश सेकंदांनी मुकला. अध्यक्ष म्हणाले, अहो, दोन दशांश म्हणजे काय, डोळ्याची पापणी. सेकंदराव म्हणाले, पापणी मिटत असेल तर मला या कामावरून काढा. अध्यक्षांनी त्यांना काढले नाही, आणि भाचा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाकडून धावला. तेव्हापासून वहीत लिहिलेली वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हरलेला माणूस पंचांशी भांडे, नशिबाशी भांडे, सायकलवाल्याशी भांडे, पण वहीशी कुणी भांडत नसे.

आणि त्या वहीत गेली नऊ वर्षे एका माणसाची वेळ खोटी होती.

तो माणूस म्हणजे टेलरमास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचे शिवणकामाचे दुकान होते, वर एक खोली. बावीस वर्षे ते शर्यतीत धावत होते, आणि बावीसातली निदान सोळा वर्षे ते शेवटचे आले होते. ऐंशी किलोमीटर. पुढची पोरे येऊन, तोंडे धुऊन, शाळेच्या सभागृहात बक्षिसे घ्यायला जात, मंडप उतरवणारे मंडप उतरवू लागत, आणि रेषेवर एक टेबल, एक खुर्ची आणि घड्याळ घेतलेले सेकंदराव एवढेच उरत. शेवटच्या माणसाच्या वेळेशी कुणाला काय देणेघेणे असणार. ते देणेघेणे फक्त या दोघांना होते. मास्तर स्वतः मनगटावर घड्याळ बांधत नसत. “मोजायचं काम तुमचं, पाय मारायचं माझं,” असे ते म्हणत, आणि रेषा ओलांडली की सायकल टेबलाला टेकवून, धापा टाकत, वहीत वाकून पाहत. ते वाकून पाहणे हीच त्यांची वर्षाची कमाई होती.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांची बायको गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी शर्यत होती, आणि मास्तर धावणार नाहीत असे सगळ्यांनी धरले होते. ते धावले. सगळे येऊन गेले तरी ते येईनात. सेकंदराव टेबलाशी उभे राहून समोरच्या सरळ रस्त्याकडे पाहत राहिले. रेषेपासून दोन किलोमीटरवर रेल्वेचा उड्डाणपूल होता. कुठे पडला की काय हा माणूस, कुठे बसून रडतो आहे की काय, असे काय काय त्यांच्या मनात येऊन गेले. तेवढ्यात पुलाच्या माथ्यावर एक ठिपका दिसला आणि सेकंदरावांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात अंगठा दाबला गेला. घड्याळ थांबले. दोन तास एकोणतीस मिनिटे.

खरे म्हणजे तेव्हाच पुढची मिनिटे मनगटावरच्या घड्याळावरून काढता आली असती, अंदाजे का होईना. पण अंदाज हा शब्दच सेकंदरावांना शिवीसारखा. वहीत अंदाज लिहायचा की चूक लिहायची, या विचारात ते असतानाच मास्तर येऊन ठेपले, आणि सवयीने घड्याळात डोकावले.

“दोन एकोणतीस,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी सत्तावीस. दोनच मिनिटं जास्त होय? मला वाटलं आता संपलंच सगळं.”

आणि ते टेबलाला धरून हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसत असावेत. सेकंदरावांनी दोन एकोणतीस लिहून टाकले.

पुढच्या वर्षी त्यांनी पुलावरच घड्याळ थांबवले, आणि या वेळी अंगठ्याची चूक नव्हती. एकदा चढवलेला माणूस खाली उतरवायचा कसा? खरी वेळ लिहिली असती तर मास्तर एका वर्षात सहा-सात मिनिटांनी म्हातारे झाले असते. त्यानंतर दोन-तीन वर्षे पुलाने साथ दिली. मग मास्तरांचा गुडघा धरू लागला आणि पूल पुरेनासा झाला. तेव्हा सेकंदराव पूल दिसायच्याही आधी घड्याळ थांबवून ठेवू लागले. दर वर्षी थोडी जास्त वेळ द्यायची, म्हणजे कुणाला नवल वाटायला नको, पण थोडीच, म्हणजे मास्तरांना वाईट वाटायला नको. चार मिनिटांची आठ झाली असावीत, आठांची पंधरा. घड्याळ थांबले की ते खिशात टाकत आणि दुसरीकडे कुठेतरी बघत बसत. जगातला हा एकच हिशेब त्यांना पाहायचा नव्हता.

संध्याकाळी सेकंदराव मास्तरांच्या दुकानात गेले. मास्तर कापड बेतत होते. तोंडात दोन टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, आणि इतक्या वर्षांत एकही गिळली नव्हती.

“वाचलं,” टाचण्यांच्या फटीतून मास्तर म्हणाले. “त्या वकील पोरानं काम चांगलं केलंय.”

“मास्तर, मी म्हणत होतो,” सेकंदराव स्टुलाच्या कडेवर बसत म्हणाले, “आता बावीस वर्षं झाली. त्रेसष्ट वय. मानानं थांबायलाही हीच वेळ बरी. संघटना सत्कार करेल.”

“सत्कार कसला? शेवटचा आलो म्हणून?”

“गुडघा दुखतो म्हणता ना.”

मास्तरांनी टाचण्या काढून उशीला खोचल्या. “तुम्हाला पोरीनं पाठवलं का?”

मास्तरांची एकुलती मुलगी दूरच्या शहरात होती. दुकान बंद करा आणि माझ्याकडे या, असा तिचा चार वर्षे लकडा चालला होता. तिची एक खोली त्यांच्यासाठी रिकामीच ठेवलेली होती. तिला मास्तरांनी जे उत्तर दिले होते ते सेकंदरावांनी दहा वेळा ऐकले होते, आणि आज ते अकराव्यांदा ऐकावे लागले.

“मी तिला सांगितलंय, बाई, म्हातारपण काय वयावर असतं? वहीवर असतं. नऊ वर्षांत चार मिनिटं चाळीस सेकंद. एवढाच घसरलोय मी. सेकंदरावांच्या वहीत आहे, माझ्या तोंडचं नाही. ज्या दिवशी वहीत बाद झालो त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तुझ्याकडं येतो आणि तू म्हणशील तिथं बसून राहतो. ती म्हणते, कोण हे सेकंदराव, त्यांना माझा नमस्कार सांगा.” मास्तर हसले. “सांगितला नाही मी. तो काही चांगल्या मनानं केलेला नमस्कार नाही.”

सेकंदरावांना सांगायचे होते. अगदी ओठांवर आले होते. पण मास्तरांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केले. तिथे त्यांनी बावीस वर्षांच्या वेळा खडूच्या पेन्सिलीने एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या, मापे लिहितात तशा. सेकंदरावांनी त्या कागदाकडे पाहिले आणि पाणी मागितले.

घरी बायकोने ताट वाढता वाढता सगळे ऐकून घेतले. हे तिला नवीन नव्हते. नऊ वर्षांपूर्वी त्या रात्री सेकंदरावांना झोप लागली नव्हती तेव्हाच तिने ते काढून घेतले होते.

“जन्मात एकदा खोटं बोललात,” ती म्हणाली, “तेही मिनिटं मोजून. आता सांगून टाका.”

“सांगून काय होणार? खरी वेळ धरली तर मास्तरांना पस्तीस-छत्तीस टक्के तरी लागत असतील. तेवढा रस्ता कुणी बंद ठेवणार नाही. मी खरं बोललो तरी ते बादच, नाही बोललो तरी बाद.”

“पण आज बोललात तर दुकानात बाद होतील. नंतर चार लोकांत होतील.”

सेकंदरावांनी हात धुतला. ताटातले अर्धे तसेच होते. बायको जे म्हणाली ते चोख होते, आणि म्हणूनच त्यांना तिचा राग आला. मास्तरांना काय वाटेल ही भीती तर होतीच, पण तिच्याआड आणखी एक भीती दडून बसली होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. गावात त्यांच्याकडे ना पैसा होता ना हुद्दा. पंपघरातल्या माणसाला लोक फक्त पाणी नाही आले की आठवतात. त्यांच्यापाशी एक नाव होते, सेकंदराव. ते गेले की मागे काय राहणार होते?

वार्षिक सभा शाळेच्या एका वर्गात झाली. बाकांवर मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वकिलाने पहिले चार बदल वाचले, हात वर झाले, खाली आले. पाचवा वाचून झाल्यावर त्याने विचारले, “कुणाला काही बोलायचंय?”

सेकंदराव उठले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या, कारण सभेत ते कधी बोलत नसत.

“पंचवीसच्या ऐवजी,” ते म्हणाले, “चाळीस करता आले तर बघावं.”

वर्गात खसखस पिकली. वकिलाला वाटले त्यांनी थट्टा केली. “सेकंदराव, चाळीस टक्क्यांत माझी आजीसुद्धा बसेल. आणि कुणासाठी चाळीस? तुमच्याच वहीत पंचवीसच्या बाहेर एकही माणूस नाही. की वही चुकीची आहे?”

लोक आणखी हसले. वही चुकीची असणे हा गावातला सर्वांत मोठा विनोद होता. सेकंदराव उभेच होते. होय म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि एका क्षणात किती काय मावते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? त्यांचे तोंड उघडले. तेवढ्यात मागच्या बाकावरून मास्तर उभे राहिले.

“कळलं मला सेकंदराव कुणासाठी बोलतायत,” मास्तर म्हणाले. “माझ्या गुडघ्याची काळजी वाटते त्यांना. पण माझ्यासाठी नियम वाकवू नका. मला कुणाची मेहेरबानी नको. आजवर जे मिळालं ते मोजून मिळालंय. माझं या बदलाला अनुमोदन आहे, लिहून घ्या.”

टाळ्या पडल्या. सेकंदराव खाली बसले. बदल एकमताने मंजूर झाला, आणि यंत्राचाही झाला. वर हात करणाऱ्यांत त्यांचा हात होता की नव्हता हे त्यांना नंतर आठवेना.

शर्यतीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होते आणि वारा पडलेला होता. मास्तरांनी सकाळी हे दोनदा बोलून दाखवले. रेषेवर नवे यंत्र बसवले होते, त्याला लाल आकड्यांची पाटी होती, आणि ते आकडे रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत. सेकंदरावांच्या हातात फक्त एक निशाण होते.

पहिला आला दोन तास पाच मिनिटे दहा सेकंदांनी. पाटीखाली लगेच दुसरा आकडा उमटला, रेषा बंद व्हायची वेळ: दोन छत्तीस सत्तावीस. सेकंदरावांना तो आकडा यंत्राच्या आधी दोन सेकंद काढता आला होता. एकसष्ट जण आले. वकील चौथा आला आणि या वेळी तो बक्षिसाला गेला नाही, मास्तरांसाठी थांबला. बाकीचेही बरेच थांबले. नवा नियम झाल्यापासून मास्तरांची वेळ हा गावाचा विषय झाला होता, आणि त्यांना आत येताना बघायचे म्हणून लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. नऊ वर्षे या ठिकाणी चिटपाखरूही नसे.

दोन तीस झाले. दोन चौतीस झाले. “येतील,” वकील म्हणाला, “दोन मिनिटं हातची आहेत.” पूल रिकामा होता.

दोन छत्तीस सत्तावीसला सेकंदरावांनी निशाण खाली केले. ते एक सेकंद उशिरा करता आले असते, पण त्याने काय झाले असते? यंत्राने एक बारीक आवाज केला आणि पाटीवरचे लाल आकडे विझले, आतली मोजणी मात्र चालूच राहिली. रस्ता उघडला. कडेला अडकून पडलेल्या गाड्या सुटल्या. लोक थोडा वेळ घुटमळले आणि मग कुणी कुणाकडे न बघता पांगले.

मास्तर सोळा मिनिटांनी आले, गाड्यांच्या मधून वाट काढत, अंगावर चिखलाचा एक थेंबही नसलेले. ते पडले नव्हते, चाक फुटले नव्हते. आतून ते खूश होते.

“आज पाय छान लागले होते,” ते धापा टाकत म्हणाले. “रस्ता का सोडला इतक्यात? किती झाले?”

वकिलाने यंत्राच्या कागदाची पट्टी दाखवली. दोन त्रेपन्न सहा. मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि ती वकिलाच्या हातात परत दिली.

“मशीन चुकलंय,” ते शांतपणे म्हणाले. मग सेकंदरावांकडे वळले. “तुमचं घड्याळ काय म्हणतं?”

“मी लावलंच नव्हतं,” सेकंदराव म्हणाले.

“तिथंच घोटाळा झाला,” मास्तर म्हणाले. “तुम्ही लावायला हवं होतं.”

मास्तरांनी रीतसर हरकत घेतली. वळणदार अक्षरात पानभर लिहून दिली. आदल्या वर्षीपेक्षा एकाएकी एकोणीस मिनिटे जास्त लागणे शक्य नाही, गेल्या नऊ वर्षांची वही पाहावी, वही की यंत्र याचा निर्णय करावा. सुनावणी अध्यक्षांच्या दुकानावरच्या खोलीत होती. टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष आणि वकील, दुसऱ्या बाजूला मास्तर इस्त्रीचा सदरा घालून, आणि सेकंदराव कुठल्या बाजूला बसावे हे न कळून एका टोकाला. टेबलावर वही होती.

“यंत्र कंपनीनं तपासलंय,” वकील म्हणाला. “बाकी एकसष्ट जणांची तक्रार नाही. पण मास्तर म्हणतात तेही खोटं नाही, वही आजवर चुकलेली नाही. मी तर चक्रावलोय. सेकंदराव, तुम्हीच सांगा. यंत्र चुकीचं म्हणालात तर मास्तरांचा निकाल फिरवू. तुमच्या शब्दावर फिरवू.”

मास्तर त्यांच्याकडे निश्चिंतपणे बघत होते. तो निश्चिंतपणा सेकंदरावांना सहन झाला नाही. आणखी एक खोटे बोलले की झाले असते, पण मग पुढच्या वर्षी पुन्हा यंत्र, पुन्हा पूल, पुन्हा लोक दोन्ही बाजूंना उभे.

“यंत्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “वही चुकीची आहे.”

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटा वाजवून पाहत होते.

“कुठल्या वर्षीची?” अध्यक्षांनी विचारले.

“नऊ वर्षं. मास्तरांची ओळ फक्त. मी घड्याळ आधी थांबवत होतो. आधी चार मिनिटं. शेवटी पंधरा तरी असतील.”

“का?” वकिलाने विचारले, आणि विचारून झाल्यावर त्याला ते विचारल्याचे वाईट वाटले असावे, कारण त्याने मान खाली घातली.

मास्तर मात्र भडकले नाहीत. सेकंदरावांनी मनाची तयारी केली होती ती भडकण्याची. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावे तसे विचारले, “मग खऱ्या वेळा कुठं लिहिल्यात?”

“लिहिल्या नाहीत.”

“आठवत असतील. तुम्हाला आठवतं सगळं.”

“नाही मास्तर. घड्याळ थांबवलं की मी बघतच नव्हतो.”

“म्हणजे नाहीतच त्या.”

“नाहीत.”

“गुडघ्यात पाणी झालं होतं त्या वर्षी,” मास्तर म्हणाले, “त्या वर्षी मला वाटलं होतं की आपण फार हळू आलो. पण वहीत बघितलं आणि म्हटलं, आपलंच मन चुकतंय.” मग ते थांबले. “मुलीला कळवतो. महिनाअखेर दुकान रिकामं करेन.”

सेकंदरावांना काहीतरी म्हणायचे होते. माफ करा हा शब्द त्यांना आठवत होता, पण तो इतका तोकडा वाटला की त्यांनी तो काढलाच नाही.

अध्यक्षांनी घसा खाकरला. त्यांना या दोघांचे काय करावे ते सुचत नव्हते, म्हणून त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले. चुकीची ठरलेली नोंद वेळ मोजणाऱ्यानेच, त्या स्पर्धकासमोर, तांबड्या शाईने खोडायची आणि पुढे दोघांनी सही करायची, असा नियम होता. कुणी वहीत ढवळाढवळ करू नये म्हणून पंधरा वर्षांपूर्वी तो सेकंदरावांनीच सुचवला होता. खरी वेळ ठाऊक नसेल तर स्पर्धक हजर नव्हता असे धरायचे, असेही त्यात पुढे होते.

“हजर नव्हता?” वकील म्हणाला. “अहो, मास्तर दर वर्षी आलेत. सगळ्यांनी पाहिलंय.”

“कुणी पाहिलंय?” मास्तर म्हणाले. “तुम्ही सगळे सभागृहात असायचात. एकटे सेकंदराव होते.” त्यांच्या आवाजात चीड नव्हती. ते फक्त खरे काय ते सांगत होते. “करा तुमचा नियम.”

अध्यक्षांनी तांबडे पेन दिले आणि एक लाकडी पट्टी दिली. सेकंदरावांनी नऊ वर्षांपूर्वीचे पान काढले. सर्वांत खालची ओळ. दोन तास एकोणतीस मिनिटे, आणि आकड्याखाली अगदी सरळ रेघ, जशी ते सगळ्यांच्या वेळेखाली मारत. त्यांनी पट्टी लावली. पेन टेकवताच पट्टी सरकली. पुन्हा लावली, पुन्हा सरकली. वकील मदतीला उठणार तोच मास्तरांनी खुर्ची सरकवली आणि ते टेबलाला वळसा घालून सेकंदरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“थांबा,” ते म्हणाले. “अशानं वाकडी जाईल.”

त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टीची दोन टोके दाबून धरली, कापडावर धरतात तशी, घट्ट. सेकंदरावांनी रेघ ओढली. मास्तरांनी पान उलटले आणि पुढच्या वर्षाच्या शेवटच्या ओळीवर पट्टी बेताने बसवली, जरा खाली सरकवली, आकड्याच्या बरोबर मधून जाईल अशी.

“ओढा,” ते म्हणाले.